बी.कॉम.नंतर सत्ताविसाव्या वर्षी नर्सिंगकडे वळणे शक्य आहे का?

प्रश्न – कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वय २७ वर्षे असून मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. बारावी वाणिज्य शाखेतून ६१ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाले, पुढे बी.कॉम. केले आणि गेली पाच वर्षे एका पतसंस्थेत लेखनिकाचे काम करते आहे. रोजकीर्द, खतावणी, कर्जखात्यांची व्याजआकारणी, मार्चअखेरचा ताळेबंद हे सगळे मला जमते आणि त्या कामाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. तरीही हे काम सोडून नर्सिंगचे शिक्षण घ्यावे, असे मला गेल्या वर्षापासून वाटू लागले आहे. हा विचार आला तसा निघून जाईल म्हणून मी दहा महिने थांबले, पण तो गेला नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांना मिरजेच्या एका रुग्णालयात तेवीस दिवस ठेवावे लागले. भाऊ परगावी शिकत असल्यामुळे रात्री त्यांच्याजवळ मीच असे. पहिल्या दोन रात्री मी नुसती खुर्चीत बसून होते. तिसऱ्या रात्री तिथल्या सिस्टरांनी मला जवळ बोलावले आणि ‘घरी नेल्यावर हे तुम्हालाच करायचे आहे’ असे सांगून एकेक गोष्ट शिकवली. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, अधू खांद्याला ओढ न देता रुग्णाला कसे वळवायचे, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी का ठेवायची, टाच गादीला टेकू नये म्हणून पोटरीखाली चादरीची घडी कशी सरकवायची, नाकातील नळीतून भरवण्यापूर्वी डोक्याकडची बाजू उंच का करायची, हे सर्व मी त्यांच्याकडून शिकले. वडील आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात आणि एवढे दिवस अंथरुणावर असूनही त्यांच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. माझ्या पाच वर्षांच्या नोकरीत मी केलेल्या कोणत्याही कामापेक्षा मला हे काम अधिक मोलाचे वाटते.

आता अडचणी सांगते. आईचे म्हणणे असे की, पदवी झालेल्या मुलीने पुन्हा अठरा वर्षांच्या मुलींबरोबर बाकावर बसायचे हे लोकांना सांगायचे तरी कसे. मामांचा विरोध रात्रपाळीला आहे. माझ्याजवळ २ लाख ४० हजार रुपये शिल्लक आहेत. सांगलीतील एक संस्था ६० हजार रुपयांत नऊ महिन्यांचा ‘नर्सिंग कोर्स’ आणि नोकरीची हमी देते, तर एक एजंट बेंगळुरूच्या महाविद्यालयात प्रवेश मिळवून देतो म्हणतो. माझ्या पदवीमुळे अभ्यासक्रमात काही सूट मिळते का, वाणिज्य शाखेतून आलेल्या मुलीला कोणता मार्ग खुला आहे, आणि या वयात तो धरणे शहाणपणाचे आहे का, हे या क्षेत्रातील अनुभवी मंडळींनी कृपया स्पष्ट सांगावे. गोड बोलण्यापेक्षा खरे बोललेले मला हवे आहे.

उत्तर १ – पाठ्यनिर्देशिका

मी गेली एकवीस वर्षे परिचर्या, म्हणजे नर्सिंग, शिकवते आहे आणि पदवीनंतर या क्षेत्रात आलेल्या बऱ्याच मुली व काही मुलगे माझ्या वर्गात बसून गेले आहेत. तुम्ही खरे विचारले आहे म्हणून सर्वांत नावडते उत्तर आधी देते. तुमच्या बी.कॉम.मुळे आपल्याकडे एका दिवसाचीही सूट मिळत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये दुसऱ्या विषयातील पदवीधरांसाठी कमी मुदतीचे अभ्यासक्रम असतात, तसे भारतात नाहीत. इथे प्रवेश मोजला जातो तो बारावीवर, आणि पदवीधरालाही पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, शिवाय आपल्या राज्यात त्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तुम्ही वाणिज्य शाखेच्या असल्यामुळे ते दार आज बंद आहे. मुक्त विद्यालयातून विज्ञान विषय घेऊन पुन्हा बारावी करता येते, पण त्यात एखादे-दोन वर्षे, नंतर प्रवेश परीक्षा आणि मग चार वर्षे, असा हिशेब केला तर तुम्ही चौतिशीच्या उंबरठ्यावर पोहोचता.

तुमच्यासाठी खरा मार्ग जी.एन.एम.चा, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविका (बाळंतपणातील सेवा) या तीन वर्षांच्या पदविकेचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार त्याला बारावीची कोणतीही शाखा चालते. विज्ञान शाखेला पसंती असली तरी सक्ती नाही. बारावीला किमान ४० टक्के गुण आणि इंग्रजी विषय एवढे लागते, आणि वयाची मर्यादा १७ ते ३५ वर्षे आहे. म्हणजे तुमच्या आईला वय उलटून गेल्यासारखे वाटत असले तरी नियमांना तसे वाटत नाही. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते, आणि ती नोंदणी हाती आली की तुम्ही कायद्याने परिचारिका ठरता. पुढे नोकरी करता करता मनात आले तर पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही दोन वर्षांची पदवी घेता येते आणि त्यानंतर एम.एस्सी.चा मार्गही खुला होतो. थोडक्यात, विज्ञानाची बारावी पुन्हा न करताही तुम्ही परिचर्येच्या पदवीपर्यंत पोहोचू शकता, आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या वर्षानंतर तुमची कमाई सुरू झालेली असते. ए.एन.एम., म्हणजे सहायक परिचारिका व प्रसविका, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे, पण त्याचा रोख उपकेंद्र, लसीकरण आणि माता-बालसंगोपन यांकडे अधिक असतो. तुम्ही जे वर्णन केले आहे ते वॉर्डातील काम आहे, म्हणून मी तुम्हाला जी.एन.एम.च सुचवेन. जी.एन.एम. बंद होणार असल्याची चर्चा काही वर्षांपूर्वी जोरात होती आणि अजूनही कुणीतरी ती तुमच्या कानावर घालेल, परंतु हा अभ्यासक्रम सुरू आहे आणि ज्यांची नोंदणी झाली त्यांची नोंदणी कायम आहे.

आता त्या नऊ महिन्यांच्या कोर्सविषयी. तिथे तुम्हाला रुग्ण सहायकाचे काम शिकवतील. ते काम प्रामाणिक आहे आणि रुग्णालयाला त्याची गरजही असते. पण त्याला नर्सिंग म्हणणे ही फसवणूक आहे, कारण त्या प्रमाणपत्रावर कोणतीही परिषद नोंदणी देत नाही. पुढे दहा वर्षे काम केले तरी पगार आणि अधिकार सहायकाचेच राहतात. अशा कोर्समध्ये शिल्लक घालवून नंतर माझ्याकडे रडत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे इतक्या कठोरपणे लिहीत आहे. कोणत्याही संस्थेत पाऊल टाकण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा, ‘या अभ्यासक्रमानंतर परिचर्या परिषदेची नोंदणी मिळते का?’ आणि उत्तर लेखी मागा.

बेंगळुरूच्या बाबतीत माझे म्हणणे जरा सौम्य आहे. कर्नाटकात चांगली महाविद्यालये नक्कीच आहेत. परंतु तिथे शिकल्यास आधी कर्नाटकच्या परिषदेकडे नोंदणी आणि मग ती महाराष्ट्रात आणण्याची प्रक्रिया, असा फेरा पडतो. शिवाय एजंटामार्फत जाणाऱ्या मुलींना पुष्कळदा महाविद्यालय न पाहताच पैसे भरावे लागतात. ‘रोज यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या’ असे जिथे सांगितले जाईल तिथून त्याच पावली परत फिरा, कारण जी मुलगी वॉर्डात उभी राहिली नाही तिच्या हाती उद्या एखाद्याचा जीव असणार आहे.

शाळा निवडताना इमारत पाहू नका, तिचे स्वतःचे रुग्णालय पाहा. परिषदेचे निकष १०० खाटांच्या संलग्न रुग्णालयाची आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान तीन रुग्णांची अपेक्षा ठेवतात. सकाळी आठच्या सुमारास जाऊन वॉर्डात विद्यार्थिनी खरोखर काम करताना दिसतात का आणि त्यांच्याबरोबर शिकवणारी पाठ्यनिर्देशिका असते का, हे डोळ्यांनी पाहा.

आईंना एक गोष्ट आवर्जून सांगा. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले, तेव्हा रमाबाई रानडे यांनी ज्या स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले त्यांत शाळेचे वय केव्हाच मागे पडलेल्या विधवाही होत्या. चांगल्या घरच्या बाईने परक्या रुग्णाला हात लावायचा का, असा प्रश्न त्या काळी विचारला जात होता. मोठ्या वयात बाकावर बसणाऱ्या बाईला या व्यवसायात शंभर वर्षांपासून जागा आहे.

उत्तर २ – रात्रपाळी

पाठ्यनिर्देशिका मॅडमनी नियम सांगितले आहेत, मी दिवस कसे जातात ते सांगते. मी बी.ए., बी.एड. होते आणि एका विनाअनुदानित शाळेत चार वर्षे शिकवल्यानंतर वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी जी.एन.एम.ला प्रवेश घेतला. आज मी एका शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, आहे.

पहिले सहा महिने अभ्यासापेक्षा वसतिगृहाने मला जास्त थकवले. माझ्या खोलीतील तिघीजणी अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या. केस जाळीत बांधणे, गणवेशाची इस्त्री, रात्री ठरावीक वेळेत खोलीत असणे, आणि वरच्या वर्गातील माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान मुलीने पलंगाच्या चादरीचे कोपरे नीट मुडपले नाहीत म्हणून सर्वांदेखत बोलणे, हे सगळे गिळावे लागले. शाळेत जिला मुले ‘बाई’ म्हणत होती तिला हे सोपे गेले नाही. पण चादरीला सुरकुती राहिली तर तीच रुग्णाच्या पाठीला घासते हे एकदा समजले, तेव्हा त्या मुलीचा राग गेला. तिचे बरोबर होते आणि माझे चुकत होते, वयाचा तिथे संबंध नव्हता.

अभ्यासात पहिले वर्ष जड जाते. शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय विज्ञानाच्या मुलींनी निदान ऐकलेले असतात, आपण कोरे असतो आणि पुस्तके इंग्रजीत असतात. मी रोज दहा शब्द वहीत लिहून त्यांचा मराठी अर्थ पाठ करत असे. मानसशास्त्र, समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य हे विषय मला सोपे गेले. तुम्हाला मात्र एक फायदा असा होईल जो मला नव्हता, तो म्हणजे आकड्यांची भीती नसण्याचा. समजा ५०० मिलिलिटर सलाईन सहा तासांत द्यायचे आहे आणि सलाईनच्या नळीचा सेट एका मिलिलिटरला २० थेंबांचा आहे, तर १० हजार थेंब ३६० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला साधारण २८ थेंब. आमच्या वर्गातील निम्म्या मुली या गणितापाशी अडखळत. जिने पाच वर्षे व्याजआकारणी केली तिला हे अवघड जाणार नाही. दिवसभरात रुग्णाच्या शरीरात किती गेले आणि लघवीवाटे, उलटीवाटे, नळीवाटे किती बाहेर आले याचा जो तक्ता असतो, तो म्हणजे शरीराची रोजकीर्दच. त्यात एक नोंद चुकली तर डॉक्टरांचा पुढचा निर्णय चुकतो, म्हणून ताळा जुळल्याशिवाय न उठण्याची तुमची सवय इथे फार उपयोगी पडेल.

एक गोष्ट मात्र तुम्ही अजून पाहिलेली नाही. तुम्ही एका रुग्णाची सेवा केली आणि तो तुमचा बाप होता. वॉर्डात रात्री चाळीस रुग्णांमागे दोघीजणी असतो. त्यांत शिव्या देणारा दारुडा असतो, अंथरुण पाचव्यांदा खराब करणारे आजोबा असतात आणि मुलाला बरे वाटत नाही म्हणून अंगावर धावून येणारे नातेवाईकही असतात. वडिलांना जसे वळवले तसे चाळीस जणांना दोन तासांनी वळवणे दोघींना शक्य होत नाही, आणि कुणाला वेळ दिला, कुणाला देता आला नाही, हे ओझे घेऊन सकाळी आठला घरी जावे लागते. पहिल्यांदा एका आजींचा मृतदेह स्वच्छ करून बांधला तेव्हा मी तीन दिवस नीट जेवले नव्हते. तेव्हा माझ्या इन्चार्ज सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या परिसेविका, एवढेच म्हणाल्या की आजींचे केस तू नीट विंचरलेस, ते त्यांच्या लेकीने पाहिले. ते वाक्य मला आजवर पुरले आहे.

मामांना रात्रपाळीबद्दल सांगायचे तर रात्रपाळी असते आणि ती चुकत नाही. आमच्याकडे सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा पाळ्या आहेत. रात्रीची पाळी आळीपाळीने येते आणि तिचा शरीराला त्रास होतो. सासरची माणसे ठरवण्याआधी त्यांना हे स्पष्ट सांगा. मी सांगितले होते, आणि ज्या दोन घरांना ते पटले नाही ती दोन घरे टळली याचे मला आजही समाधान आहे.

उत्तर ३ – अतिदक्षता विभाग

मी पुण्यात अतिदक्षता विभागात ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, म्हणून काम करतो. रसायनशास्त्रातील बी.एस्सी. झाल्यावर चार वर्षे देऊन बी.एस्सी. नर्सिंग केले. वरच्या दोघींचा मान राखून पैशांची बाजू मांडतो, कारण ती बोलली गेली नाही.

खासगी क्षेत्रात सुरुवातीचा पगार तुमच्या पतसंस्थेइतका किंवा त्याहून कमी असू शकतो. माझा पहिला पगार दरमहा १४,००० रुपये होता आणि त्या रुग्णालयाने माझी मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवून घेतली होती, ती परत मिळवायला मला चार महिने लागले. मूळ कागद कुणालाही देऊ नका, छायांकित प्रती द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावे अशी शिफारस केली होती, पण शिफारशीने पगारपत्रक बदलत नाही, हे आम्ही सर्वजण जाणतो.

शासकीय नोकरीचे चित्र वेगळे आहे. राज्यात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, वर भत्ते असतात. एम्समध्ये ती ४४,९०० पासून आहे. परंतु वयाचा हिशेब इथे नीट करा. एम्सच्या भरतीला सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षे आहे आणि जी.एन.एम. उमेदवाराला पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभवही लागतो, म्हणजे तुम्ही खुल्या प्रवर्गात असाल तर ते स्वप्न आत्ताच बाजूला ठेवा. राज्याच्या सरळसेवा भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत संधी असते. एकतिसाव्या वर्षी नोंदणी झाली तरी तुमच्या हाती सात वर्षे राहतात. मात्र भरती नियमित निघत नाही, म्हणून त्या सात वर्षांत दोन-तीनच खऱ्या संधी मिळतील असे धरून चाला.

दुसरे असे की, वडिलांच्या आजारातून निर्माण झालेली कृतज्ञता आणि या कामाची आवड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बाहेरून सारख्याच दिसतात. तुम्हाला रुग्णालय आवडते आहे की रुग्णाचे अंथरुण, हे शोधा. रुग्णालय आवडत असेल तर वाणिज्य पदवीधराला रुग्णालय प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांत घेता येते, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तो अभ्यासक्रम आहे. विमा कक्ष, बिलिंग, वैद्यकीय अभिलेख अशा जागी तर आजच्या पात्रतेवरही काम मिळते. रजा घेऊन महिनाभर एखाद्या वृद्धाश्रमात किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या संस्थेत काम करून पाहा. तिथे तुमचे वडील नसतील. महिन्यानंतरही उत्तर हेच राहिले तर नोकरी सोडा, त्याआधी सोडू नका.

उत्तर ४ – परदेशस्थ

मी पुण्याची, अर्थशास्त्रात एम.ए., सध्या न्यू जर्सीत राहते आणि एका रुग्णालयात नर्स आहे. पहिल्या उत्तरात अमेरिकेतील कमी मुदतीच्या अभ्यासक्रमांचा उल्लेख आला म्हणून त्यातील खाचा सांगते, कारण लग्न होऊन इकडे येणाऱ्या अनेक पदवीधर मराठी मुली हा प्रश्न मला खासगीत विचारतात.

इथे दुसऱ्या विषयातील पदवीधरांसाठी ‘ॲक्सिलरेटेड बी.एस.एन.’ हा नर्सिंगच्या पदवीचा साधारण बारा ते अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. जाहिरातीत एवढेच दिसते. पण त्यात शिरण्यापूर्वी शरीररचना व शरीरक्रिया यांचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह पूर्ण केलेले असावे लागतात. मी ते जवळच्या कम्युनिटी कॉलेजात दीड वर्ष संध्याकाळचे वर्ग करून पूर्ण केले, कारण तिथे शुल्क कमी असते. भारतातील पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागले ते वेगळेच. मुख्य अभ्यासक्रम सुरू झाल्यावर नोकरी करणे जवळजवळ अशक्य होते. शेवटी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा एकूण साडेतीन वर्षे गेली होती, म्हणजे तुमच्या जी.एन.एम.पेक्षा सहा महिने जास्तच. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे पत्नीला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर शिक्षण घेता येते, पण कामाचा परवाना वेगळा लागतो, हे कित्येकींना अभ्यास संपल्यावर कळते.

भारतात नोंदणी झालेल्या परिचारिकेलाही पुढे हीच परीक्षा देऊन इकडे येता येते. जर्मनीत तर विद्यावेतन घेत तीन वर्षांचे परिचर्या प्रशिक्षण घेता येते, मात्र त्यासाठी जर्मन भाषा चांगल्या पातळीपर्यंत यावी लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून त्या नावाने जाहिराती करणारे एजंट वाढले आहेत. वडिलांची प्रकृती पाहता तुम्ही सध्या दूर जाऊ इच्छित नसाल असे वाटते, म्हणून याविषयी अधिक लिहीत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. ब्रदरांनी सांगितल्याप्रमाणे मी महिनाभराची बिनपगारी रजा घेतली आणि इथल्या एका वृद्धाश्रमात रोज सकाळी सात ते दुपारी तीन काम केले, म्हणून उत्तर द्यायला इतका उशीर झाला. तिथे एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना आता काही आठवत नाही. आंघोळ घालताना त्या मला रोज मारत. पहिल्या आठवड्यात मी दोनदा घरी येऊन रडले. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की पाणी आधी पायांवर ओतून, मग हळूहळू वर गेले तर त्या मारत नाहीत. चौथ्या आठवड्यात हे मी दुसऱ्या सेविकेला शिकवले. मला माझे उत्तर मिळाले आहे.

नऊ महिन्यांच्या संस्थेला मॅडमनी सांगितलेला प्रश्न विचारला. त्यांनी लेखी उत्तर दिले नाही. जिल्ह्यातील दोन जी.एन.एम. शाळा सकाळी आठ वाजता जाऊन पाहिल्या. एका ठिकाणी वॉर्डात एकही विद्यार्थिनी नव्हती, दुसऱ्या ठिकाणी बारा जणी होत्या आणि त्यांच्या मॅडम एका मुलीला पुन्हा पुन्हा नाडी मोजायला लावत होत्या. मी दुसऱ्या शाळेसाठी अर्ज करणार आहे. आई अजून नाराज आहे, पण सेवासदनाची गोष्ट ऐकल्यावर तिने ती मामांना फोनवर सांगितली, हे मी शेजारच्या खोलीतून ऐकले.

आता दोन लहान प्रश्न उरले आहेत. पदवीनंतरच्या पाच-सहा वर्षांच्या खंडामुळे कागदपत्रांत अडचण येईल का, आणि प्रवेश सुरू होईपर्यंतच्या पाच महिन्यांत नोकरी सांभाळून मी कोणती तयारी करावी?

उत्तर ५ – पाठ्यनिर्देशिका

खंडाची अडचण होत नाही. मधल्या वर्षांत काय करत होतात याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवा, पतसंस्थेकडून अनुभवाचा दाखला घ्या, आणि महाविद्यालय सोडल्याचा दाखला व अधिवास प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा, कारण जूनमध्ये सेतू केंद्रांवर रांगा लागतात. शुल्क एकरकमी भरू नका, वर्षाचे वर्षाला पावती घेऊन भरा, आणि शिलकीतील निदान पन्नास हजार रुपये वडिलांच्या औषधपाण्यासाठी वेगळे ठेवा.

अभ्यासासाठी बालभारतीची अकरावी आणि बारावीची जीवशास्त्राची पुस्तके इंग्रजीतून वाचा. सगळे नको, पेशी, रक्ताभिसरण, श्वसन, पचन, उत्सर्जन, चेतासंस्था आणि पुनरुत्पादन एवढी प्रकरणे पुरेत. रोज संध्याकाळी दोन पाने झाली तरी पाच महिन्यांत ती पूर्ण होतात आणि पहिल्या सत्रात शब्द परके वाटत नाहीत. वडिलांची नाडी, श्वसन आणि रक्तदाब रोज ठरावीक वेळी मोजून वहीत लिहीत जा, त्यांनाही ते उपयोगी पडेल.

आणखी एक काम मात्र याच आठवड्यात करा. हिपॅटायटिस-बी लसीच्या तीन मात्रा असतात, दुसरी एका महिन्याने आणि तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी. माझ्या वर्गातील मुली ही लस प्रवेशानंतर घेतात आणि तोवर वॉर्डात सुया हाताळू लागलेल्या असतात. तुम्ही पहिली मात्रा आता घेतलीत, तर पहिल्यांदा वॉर्डात जाल त्या सुमारास तिन्ही पूर्ण झालेल्या असतील. लसीकरणाचे कार्ड जपून ठेवा, शाळेत ते मागतील.